रेडिओचा रेटिंग रिपोर्ट: जाहिरात देणाऱ्याच्या किती कामाचा?

छोट्या आणि मध्यम धंदेवाल्यांच्या रेडिओ जाहिराती बुक करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे स्टेशनांचे रेटिंग रिपोर्ट, म्हणजे कुठलं स्टेशन किती लोक ऐकतात याचे आकडे, कायम हाताखाली असतात. पण जो माणूस खिशातून पैसे घालून स्पॉट (म्हणजे एकदा लागणारी जाहिरात) घेतो त्याच्या बाजूने या रिपोर्टबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकतो, रिपोर्ट कामाचा आहे आणि त्यावर खर्च केलेला वेळ वसूल होतो, पण ज्या आकड्यासाठी सगळे त्याच्यावर तुटून पडतात, म्हणजे पहिला कोण आणि दुसरा कोण, तो आकडा छोट्या जाहिरातदाराच्या सगळ्यात कमी कामाचा असतो. खरा कामाचा आकडा आतल्या पानांवर असतो, आणि त्यावरून कळतं की या स्टेशनवर आपलं म्हणणं ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसायला किती स्पॉट लागतील आणि तेवढे आपल्या बजेटमधे बसतात का.

आता हा रिपोर्ट बनतो कसा ते थोडं बघू, कारण ते माहीत नसेल तर आकडे वाचून काही उपयोग नाही. जुनी पद्धत डायरीची. निवडलेल्या लोकांना एक छोटी वही देतात, आठवडाभर किती वाजता कुठलं स्टेशन ऐकलं, घरी ऐकलं की गाडीत की कामावर, हे त्यांनी लिहायचं. अमेरिकेत डायरीचा आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. ब्रिटनमधे १९९२ पासून राजार नावाची संस्था हे काम करते, ती बीबीसी आणि खाजगी रेडिओवाल्यांनी मिळून चालवलेली आहे, आणि २०२१ पासून ते डायरीच्या जोडीला फोनमधल्या ॲपनेही ऐकणं मोजतात. आपल्याकडे टॅम या मोजणी करणाऱ्या कंपनीने २००७ मधे रॅम नावाचं रेडिओचं मोजमाप सुरू केलं, तेही डायरीवरच, आणि मोजक्या मोठ्या शहरांपुरतं.

डायरीची गोची अशी की माणूस जे ऐकतो ते लिहीत नाही, जे आठवतं ते लिहितो. आठवडाभर वही तशीच पडून असते आणि शेवटी एकदा बसून भरली जाते, मग सकाळी रोज ऐकतो ते स्टेशन, ज्याचं नाव तोंडात बसलंय ते स्टेशन, त्याच्या पुढे तास लिहून मोकळे. मधेच दहा मिनिटं दुसरीकडे फिरवलेलं असतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून तर प्रत्येक आरजे दर दोन वाक्यांनी स्टेशनचं नाव घेतो, आणि सर्व्हे चालू असतो तेव्हा बक्षिसांच्या स्पर्धांचा पाऊस पडतो.

दुसरी पद्धत मीटरची, पीपीएम म्हणतात त्याला. अमेरिकेत आर्बिट्रॉन कंपनीने ती आणली, २००७ मधे फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून सुरुवात केली, आणि २०१३ मधे निल्सन या मोजणीच्याच धंद्यातल्या कंपनीने आर्बिट्रॉनच विकत घेतली. स्टेशन आपल्या आवाजात कानाला न कळणारा एक कोड मिसळतं आणि पॅनेलमधल्या, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या, माणसाच्या खिशातलं छोटं यंत्र तो कोड पकडतं. लिहायची गरज नाही, आठवायची गरज नाही. मीटर आल्यावर जे चित्र समोर आलं ते जाहिरात देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं: माणसं डायरीत लिहीत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त स्टेशनं ऐकत होती, आणि प्रत्येक स्टेशन लिहिलं होतं त्यापेक्षा कमी वेळ ऐकत होती. म्हणजे स्टेशनची पोच वाढली आणि निष्ठा कमी झाली, प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांनी काहीही बदललेलं नसताना. मीटरवरून भांडणंही झाली. पॅनेलमधे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक नीट धरले जात नाहीत म्हणून त्यांच्या स्टेशनांची रेटिंग पडतात असा आक्षेप होता आणि २००८ मधे न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने आर्बिट्रॉनवर खटला भरला. आजही अमेरिकेत फक्त ४८ मोठ्या मार्केटमधे मीटर आहे, बाकी छोट्या गावांत अजून डायरीच. म्हणजे छोट्या गावातला जाहिरातदार आठवणीवर भरलेल्या वह्यांवर पैसे लावतोय हे त्याने डोळे उघडे ठेवून मान्य केलेलं बरं.

आता आकड्यांकडे. रिपोर्टचा पाया आहे पंधरा मिनिटांचा तुकडा. एका तुकड्यात माणसाने किमान पाच मिनिटं (अमेरिकेत मीटरवर आता तीन, ते पुढे सांगतो) ऐकलं तर तो त्या तुकड्यात मोजला जातो, आणि अशा सगळ्या तुकड्यांची सरासरी काढली की ए-क्यू-एच मिळतो, म्हणजे कुठल्याही एका क्षणी साधारण किती माणसं ऐकतायत. त्याला एकूण लोकसंख्येने भागलं की रेटिंग, आणि त्या वेळी रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्यांच्या संख्येने भागलं की शेअर. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून दाखवणं ही सेल्सवाल्यांची फार जुनी खोड. शेअर ८ टक्के ऐकायला भारदस्त वाटतो, पण पहाटे ५ वाजता रेडिओ ऐकणारेच मूठभर असतील तर त्यांच्यातल्या ८ टक्क्यांचं आपण काय करणार. स्पॉट घेताना रेटिंग बघायचं, शेअर हा स्टेशनांच्या आपसातल्या स्पर्धेचा आकडा आहे.

तिसरा आकडा क्यूम, म्हणजे आठवडाभरात किती वेगवेगळ्या माणसांनी एकदा तरी ते स्टेशन लावलं. हा कायम मोठा दिसतो आणि म्हणून पोस्टरवर कायम हाच असतो. त्यात काही खोटं नाही, पण त्यातला प्रत्येक माणूस तुमची जाहिरात ऐकणार असं जे सुचवलं जातं ते खोटं आहे. आठवड्यात एकदाच पाच मिनिटं ऐकणारा आणि रोज दुकानात दिवसभर लावून ठेवणारा, दोघंही क्यूममधे एक-एकच.

एक हिशोब मांडून दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत. शहरात १० लाख माणसं. स्टेशन अ चा ए-क्यू-एच ५,००० आणि क्यूम १,५०,०००. स्टेशन ब चा ए-क्यू-एच ४,००० आणि क्यूम ५०,०००. रँकिंगमधे अ वर, ब खाली, आणि क्यूम बघितला तर ब अगदीच किरकोळ. रेटिंग अ चं ०.५, ब चं ०.४. पहिल्यांदा रिपोर्ट बघणारे क्लायंट इथेच दचकतात, शंभरात अर्धा माणूस ऐकतोय त्यासाठी आम्ही पैसे द्यायचे? पण कुठल्याही एका स्पॉटचं असंच असतं, रेडिओची ताकद एका स्पॉटमधे नसतेच, ती त्याच माणसाने पुन्हा पुन्हा ऐकण्यात असते.

आता क्यूमला ए-क्यू-एचने भागा. अ चा भागाकार ३०, ब चा १२.५. याला टर्नओव्हर म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या रिपोर्टमधला छोट्या जाहिरातदारासाठी सगळ्यात मोलाचा आकडा हाच आहे. गंमत म्हणजे तो बऱ्याचदा छापलेलाही नसतो, आपणच काढायचा. अ वर माणसं सारखी येतात-जातात, ब वर तीच तीच माणसं ठाण मांडून बसलेली असतात. सकाळी ६ ते रात्री १२ असा दिवस धरला तर आठवड्यात पंधरा मिनिटांचे ५०४ तुकडे होतात, त्यावरून अ ऐकणारा माणूस आठवड्याला सरासरी सव्वाचार तास ऐकतो आणि ब वाला दहा तास. अमेरिकन रेडिओवाल्यांत एक जुना ठोकताळा आहे: टर्नओव्हरला ३.२९ ने गुणा, तेवढे स्पॉट आठवड्यात पसरून लावले तर स्टेशनच्या क्यूमपैकी जवळजवळ निम्मी माणसं जाहिरात तीन किंवा जास्त वेळा ऐकतात. अ ला हिशोबाने ९९ स्पॉट लागतात, ब ला ४१.

इथे थोडं थांबा, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. स्पॉटचा दर ऐकणाऱ्यांच्या प्रमाणात धरला, म्हणजे अ चा ५ रुपये तर ब चा ४, तर तीन वेळा ऐकणाऱ्या दर हजार माणसांमागे खर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखाच येतो. करून बघा. अ ला ४९५ रुपयांत साधारण ७५,००० माणसं, ब ला १६४ रुपयांत साधारण २५,००० माणसं. म्हणजे अ महाग नाही आणि ब स्वस्त नाही, पण अ वर काम पुरं करायला तिप्पट पैसे एकदम लागतात. ज्याच्याकडे २०० रुपये आहेत तो नंबर वन म्हणून अ कडे गेला तर त्याला ४० स्पॉट मिळतील, ते दीड लाख येत्या-जात्या माणसांत विरघळतील, बहुतेकांनी एकदा-दोनदा ऐकलं असेल आणि कुणाच्याच लक्षात राहिलं नसेल, आणि महिन्याभराने तो म्हणेल रेडिओवर पैसे वाया जातात. तेच २०० रुपये ब वर टाकले असते तर २५,००० माणसांच्या डोक्यात दुकानाचं नाव पक्कं बसलं असतं. रेडिओवर पैसे वाया गेले असं मी नव्या क्लायंटांकडून सारखं ऐकतो, आधीच्या अनुभवाने पोळलेले असतात बिचारे, आणि हिशोब काढला की दहापैकी बहुतेक वेळा हेच निघतं, स्टेशन मोठं होतं आणि पैसे त्या मानाने कमी होते.

उलट ज्याच्याकडे मोठं बजेट आहे, नवं दुकान उघडायचंय किंवा तीन दिवसांचा सेल आहे आणि शक्य तितक्या लोकांच्या कानावर एकदा तरी घालायचंय, त्याने बिनधास्त मोठ्या क्यूमचं स्टेशन घ्यावं. तिथे येती-जाती गर्दी फायद्याचीच.

याच कारणासाठी नुसत्या जीआरपीवर, म्हणजे सगळ्या स्पॉटच्या रेटिंगच्या बेरजेवर, माझा फारसा विश्वास नाही. रेटिंग ०.५ गुणिले ४० स्पॉट म्हणजे २० जीआरपी, बरोबर, पण २० जीआरपी म्हणजे २० टक्के लोकांनी एकदा ऐकलं का ५ टक्के लोकांनी चारदा ऐकलं हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही आणि आपल्याला तर तेच कळायला हवंय. एजन्सीवाले जीआरपीच्या एका पॉइंटमागे किती खर्च आला यावर स्टेशनांशी घासाघीस करतात, त्यांच्या मोठ्या खरेदीत ते ठीक आहे. छोट्याने पोच आणि किती वेळा ऐकलं हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत, स्टेशनच्या सॉफ्टवेअरमधून ते काढून देता येतात, फक्त मागावं लागतं.

आता या रिपोर्टचा सगळ्यात कच्चा दुवा, सॅम्पल, म्हणजे ज्यांचं ऐकणं मोजलं ती मोजकी माणसं. समजा ४०० माणसांच्या सॅम्पलमधे एका स्टेशनला ५ टक्के मिळाले. साधं संख्याशास्त्र सांगतं की खरा आकडा ३ ते ७ मधे कुठेही असू शकतो. मग ५.२ वालं स्टेशन ४.९ वाल्याच्या पुढे गेलं म्हणून केक कापण्यात काय अर्थ आहे, आणि त्यावर दर वाढवण्यात तर अजिबातच नाही. वयोगट पाडले की आणखी पातळ होतं सगळं. त्या ४०० मधल्या २५ ते ३४ वयाच्या बायका मोजल्या तर समजा ६० निघाल्या. त्यातल्या ६ जणी तुमचं स्टेशन ऐकतात म्हणजे १० टक्के. पुढच्या वेळी दोघी गळल्या की आकडा पावणेसातवर, दोघी वाढल्या की सव्वातेरावर. दोघी! आणि रिपोर्टमधे ते घसरण किंवा झेप म्हणून छापून येतं. म्हणून एका रिपोर्टवर मी कधीच निर्णय घेत नाही, सलग चार घेतो आणि सरासरी काढतो, चौपट सॅम्पल झालं की चूक साधारण निम्म्यावर येते. राजारने तर छोट्या स्टेशनांचे आकडे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकत्र करूनच द्यायचा नियम ठेवलाय, आणि मला ते फार प्रामाणिक वाटतं, छोट्या मार्केटमधे दुसरा मार्गच नाही.

मोजायची पद्धत बदलली का हेही बघायला हवं. अमेरिकेत मीटरच्या मार्केटमधे जानेवारी २०२५ पासून निल्सनने पाच मिनिटांची अट तीन मिनिटांवर आणली. ऐकणाऱ्याने काही वेगळं केलेलं नाही, पण आधी चार मिनिटं ऐकून निघून जाणारा मोजला जात नव्हता तो आता मोजला जातो, म्हणजे आकडे आपोआप वर. २०२४ आणि २०२५ चे आकडे शेजारी ठेवून कुणी वाढ दाखवत असेल तर ती वाढ दराच्या बोलणीत धरायची नाही. तसंच त्याच मार्केटमधे वर्षाला १२ नाही १३ रिपोर्ट येतात, चार-चार आठवड्यांचे, आणि तेरावा नाताळच्या दिवसांचा असतो. त्या काळात दिवसरात्र नाताळची गाणी लावणाऱ्या स्टेशनांचे आकडे फुगतात आणि सण संपला की पुन्हा खाली येतात. फेब्रुवारीतले स्पॉट डिसेंबरच्या आकड्यांवर विकत घ्यायचे नाहीत, एवढं सरळ आहे ते.

सेल्सवाले रिपोर्ट कसा दाखवतात याबद्दल माझी खरी तक्रार आहे. पूर्ण रिपोर्ट जाहिरातदाराच्या हातात क्वचित पडतो, कारण तो स्टेशनं आणि एजन्सी पैसे भरून घेतात, आपल्याला दिसतं ते स्टेशनने निवडलेलं एक पान. आणि वय, बाई-पुरुष, वार, वेळ यांच्या इतक्या जोड्या करता येतात की प्रत्येक स्टेशन कुठे ना कुठे पहिलं येतंच. एका स्टेशनच्या माणसाने मला मोठ्या अक्षरात नंबर वन लिहिलेलं पान दिलं होतं, खाली बारीक अक्षरात होतं १८ ते २४ वयाचे पुरुष, शनिवार-रविवार, संध्याकाळी ७ ते १२. माझा क्लायंट गुडघ्याचे पट्टे आणि चालायच्या काठ्या विकणारा. त्या माणसाला राग येईल असं काही न बोलता मी फक्त ५५ च्या पुढच्या लोकांचं सकाळचं पान मागितलं, ते त्याच्याकडे होतं, आणि तिथे त्याचं स्टेशन सातवं होतं. ते पान त्याने स्वतःहून आधी दिलं असतं तर आमचा दोघांचा वेळ वाचला असता आणि पुढच्या क्लायंटसाठी मी आधी त्यालाच फोन केला असता.

ब्रेकबद्दलही सांगतो, कारण रिपोर्टमधे ते सहसा नसतं. आर्बिट्रॉनने इतर दोन कंपन्यांबरोबर २००६ मधे मीटरच्या चाचणीतल्या डेटावरून बघितलं होतं की जाहिराती लागल्यावर किती लोक पळतात, तर ब्रेकच्या आधीच्या ऐकणाऱ्यांपैकी सरासरी ९२ टक्के टिकून राहतात असं निघालं. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. पण छोट्या ब्रेकमधे जवळजवळ सगळे टिकतात आणि ब्रेक लांबला की गळती वाढते. स्टेशनांना पंधरा मिनिटांच्या प्रत्येक तुकड्यात हजेरी लागायला हवी असते म्हणून तुकड्यांच्या सांध्यावर गाणी चालू ठेवतात आणि जाहिराती थोड्याच पण लांबलचक ब्रेकमधे कोंबतात, म्हणजे रेटिंगसाठी जे चांगलं ते आठव्या नंबरला लागणाऱ्या तुमच्या स्पॉटसाठी वाईट. दरात सूट मागून स्टेशन नाही म्हणालं तर ब्रेकमधला पहिला किंवा दुसरा नंबर लेखी मागा. तो देताना स्टेशनला तेवढं जड जात नाही.

जिथे रेटिंगच होत नाही अशी गावं पुष्कळ आहेत, आणि तिथला जाहिरातदार विचारतो आम्ही काय करायचं. गिऱ्हाइकाला आमच्याबद्दल कुठून कळलं असं विचारून मिळणाऱ्या उत्तरावर विसंबू नका, लोक सरळ मनाने चुकीचं सांगतात, पेपरात कधी जाहिरातच दिलेली नसते आणि चार जण पेपरात वाचलं म्हणून सांगून जातात. त्यापेक्षा प्रत्येक स्टेशनला वेगळा फोन नंबर किंवा वेगळा ऑफर कोड द्या, आणि दोन स्टेशनं एकाच महिन्यात न लावता आलटून पालटून लावा, म्हणजे फरक तुमच्याच गल्ल्यात दिसेल. रेटिंग असलेल्या गावातही मी हे करतो, कारण रिपोर्ट किती कान होते एवढंच सांगतो, त्यातली किती माणसं दारात आली हे मोजायचं काम आपलंच राहतं.

एकंदर मी या सेवेला पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा गुण सॅम्पलसाठी कापला आणि एक पूर्ण गुण यासाठी की ज्याचे पैसे लागतात त्याला रिपोर्ट सगळा बघायला मिळत नाही. पुढच्या वेळी स्टेशनचा माणूस आला की त्याच्याकडे तुमच्या गिऱ्हाइकाच्या वयोगटाचा ए-क्यू-एच आणि क्यूम, सलग चार रिपोर्टचे, आणि त्या गटात सॅम्पलमधे माणसं किती होती, एवढं मागा. बहुतेक जण दोन दिवसांत पाठवतात, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याशी दराचं बोलणं तिथेच थांबवा.